व्हर्ब की ॲडव्हर्ब? शेवटचं 'एल-वाय' बघू नका, वाक्य बघा!



पाचवीच्या कोणत्याही वर्गात विचारा, "व्हर्ब म्हणजे काय?" दहा हात वर होतात. "क्रिया दाखवणारा शब्द!" "आणि ॲडव्हर्ब?" "क्रियापदाबद्दल अधिक माहिती सांगणारा शब्द!" आता फळ्यावर एक साधं वाक्य लिहा, 'द हॉर्स रन्स फास्ट.' आणि विचारा, यात व्हर्ब कोणता आणि ॲडव्हर्ब कोणता? निम्मे हात खाली येतात. कुणी 'फास्ट'ला व्हर्ब म्हणतं, कारण वेगात पळणं ही क्रियाच की! कुणी म्हणतं, यात ॲडव्हर्ब नाहीच, शेवटी एल-वाय कुठे आहे?

मुलांना व्याख्या येते, शब्द ओळखता येत नाही. माझं मत स्पष्ट आहे. यात मुलांपेक्षा आपल्या शिकवण्याच्या क्रमाचा दोष जास्त आहे. आपण मुलांना सुट्या शब्दाकडे बघायला शिकवतो, वाक्याकडे नाही. शब्दाची जात त्याच्या कपाळावर लिहिलेली नसते. तो वाक्यात कोणतं काम करतो त्यावरून ती ठरते. हे समजावून द्यायला व्हर्ब आणि ॲडव्हर्बच्या जोडीइतकी सोयीची जागा इंग्रजी व्याकरणात दुसरी नाही.

व्हर्ब सापडला नाही तर काय बिघडतं?

दोन मार्क गेले, एवढंच? नाही. खूप जास्त बिघडतं.

मराठीत प्रश्न करायचा तर शेवटी 'का' लावला की काम झालं. 'तो हळू चालला', 'तो हळू चालला का?' नकारही तसाच सोपा, 'तो हळू चालला नाही.' इंग्रजीत तसं नाही. 'ही वॉक्ड स्लोली' या वाक्याचा प्रश्न करायचा तर आधी व्हर्ब शोधावा लागतो, त्यातला भूतकाळ काढून 'डिड'कडे द्यावा लागतो आणि व्हर्बला मूळ रूपात आणावं लागतं, 'डिड ही वॉक स्लोली?' नकारालाही तेच, 'ही डिड नॉट वॉक स्लोली.' काळ बदलायचा, 'ही-शी'बरोबर एस लावायचा, सगळं व्हर्बवर टांगलेलं आहे. व्हर्ब कोणता हेच कळलं नाही तर पुढचं सगळं पाठांतर होतं. सहावी-सातवीत मूल 'मला इंग्रजी जमत नाही' म्हणून वही मिटवतं, त्याची सुरुवात बऱ्याचदा इथे झालेली असते.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न आणखी टोकदार आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचं प्रमाण ६९ टक्क्यांच्या वर आहे. घरात भिली, पावरी, मावची, कुठे अहिराणी, कुठे गुजरी. म्हणजे मराठी हीच अनेक मुलांची दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरचं सहा वर्षांचं लेकरू एकाच वेळी दोन परक्या भाषांशी झुंजत असतं. त्याला तिसऱ्या भाषेतली गोष्ट समजावण्यासाठी आपण दुसऱ्या भाषेतला 'क्रियाविशेषण' हा सहा अक्षरी शब्द देतो! शिवाय दिवाळीनंतर कित्येक मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जातात. धडे बुडतात, व्याख्या विसरतात. अशा मुलाजवळ एखादी कायम टिकणारी युक्ती असेल तर परत आल्यावर ते पुन्हा उभं राहू शकतं.

व्याख्येतच गडबड आहे

दोन्ही मराठी नावं नीट बघा. क्रियापद आणि क्रियाविशेषण. दोन्हींच्या सुरुवातीला 'क्रिया'. मुलाच्या कानावर तोच शब्द पडतो, मग गोंधळ होणारच.

ही आठ शब्दजातींची मांडणी आपल्याकडे आली कशी, तेही थोडं बघू. यास्काच्या निरुक्तात शब्दांचे चारच प्रकार आहेत, नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केलं, तेव्हा इंग्रजी व्याकरणाची घडी समोर ठेवली. म्हणून आज मराठीच्या आणि इंग्रजीच्या पुस्तकात शब्दजाती समोरासमोर बसतात. शिकवायला ते सोयीचं आहे, पण नाव जुळलं म्हणजे वागणूक जुळली असं नसतं. ते पुढे येतंच.

'क्रिया दाखवणारा शब्द' ही व्याख्या अर्धीच आहे. 'शी इज माय सिस्टर' यात कोणती क्रिया आहे? 'आय हॅव टू पेन्स', 'आय नो हिम', यात कोण धावतंय, कोण उडी मारतंय? तरी 'इज', 'हॅव', 'नो' हे व्हर्बच आहेत. आपल्या मराठी व्याकरणात क्रियापदाची पूर्ण व्याख्या 'वाक्याचा अर्थ पूर्ण करणारा क्रियावाचक शब्द' अशी आहे. यातलं 'वाक्य पूर्ण करणारा' हे महत्त्वाचं, आणि नेमकं तेच आपण वर्गात गाळतो.

एल-वायचा सापळा

"शेवटी एल-वाय आला की ॲडव्हर्ब." ही युक्ती गाईडमध्ये असते, क्लासमध्ये असते, आणि खरं बोलायचं तर आपल्याही तोंडी असते. माझ्या मते प्राथमिक वर्गात ती सांगूच नये. का ते बघा.

पहिलं, एल-वाय आहे पण ॲडव्हर्ब नाही, असे शब्द: 'फ्रेंडली', 'लव्हली', 'लोन्ली', 'अग्ली', 'सिली'. ही सगळी विशेषणं आहेत. 'फॅमिली' आणि 'जुलै' तर नामं!

दुसरं, एल-वाय आहे आणि चक्क व्हर्ब आहे: 'फ्लाय', 'रिप्लाय', 'अप्लाय', 'सप्लाय', 'मल्टिप्लाय', 'रिलाय'. उच्चार वेगळा, पण कागदावर शेवटची दोन अक्षरं तीच. एल-वाय बघून खूण करणारं मूल परीक्षेत 'रिप्लाय'ला बिनधास्त ॲडव्हर्ब ठरवतं. ज्या दोन गोष्टींत फरक करायला आपण युक्ती दिली, त्यांचीच तिनं सरमिसळ केली.

तिसरं, एल-वाय नाही तरी ॲडव्हर्ब: 'फास्ट', 'हार्ड', 'लेट', 'वेल', 'सून', 'ऑफन', 'ऑलवेज', 'नेव्हर', 'हिअर', 'देअर', 'टुडे', 'व्हेरी'. रोजच्या बोलण्यात हेच जास्त लागतात.

चौथी गंमत अशी की एल-वाय लावला की अर्थच उलटतो. 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो खूप कष्ट करतो. 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो जवळजवळ कामच करत नाही!

पाचवीतल्या मुलाला सांगायला एवढे अपवाद असतील तर तो नियम कसला?

मग ओळखायचं कसं? दोन कसोट्या

*पहिली, 'काल'ची कसोटी.* वाक्यात 'यस्टरडे' घाला. ज्या शब्दाचं रूप बदलतं तो व्हर्ब.

'द हॉर्स रन्स फास्ट.' 'यस्टरडे द हॉर्स रॅन फास्ट.' कोण बदललं? 'रन्स'चं 'रॅन' झालं. 'फास्ट' होता तसाच राहिला. निकाल लागला.

आता याच 'फास्ट'ची मजा बघा. 'माय मदर फास्ट्स ऑन मंडेज', माझी आई सोमवारी उपवास करते. 'काल' घाला, 'माय मदर फास्टेड यस्टरडे.' इथे 'फास्ट' बदलला! म्हणजे इथे तो व्हर्ब आहे. शब्द एक, स्पेलिंग एक. घोड्याच्या वाक्यात ॲडव्हर्ब आणि आईच्या वाक्यात व्हर्ब. शब्दाची जात वाक्यात ठरते, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. श्रावणात शिकवा, पोरं विसरणार नाहीत.

काही व्हर्ब 'काल' घातला तरी बदलत नाहीत, जसे 'पुट', 'कट', 'हिट'. तिथे 'आय'च्या जागी 'ही' ठेवा. 'आय कट', 'ही कट्स'. एस घेतला, म्हणजे व्हर्ब.

*दुसरी, 'काढून बघा' कसोटी.* शब्द झाकून वाक्य वाचा. 'द हॉर्स रन्स…' अर्थ कमी झाला, पण वाक्य उभं आहे. आता 'द हॉर्स… फास्ट.' वाक्य कोसळलं. ज्याच्याविना वाक्य पडतं तो व्हर्ब. ज्याच्याविना वाक्य उभं राहतं, पण कसं, कधी, कुठे, किती वेळा हे कळत नाही, तो बहुतेक वेळा ॲडव्हर्ब. 'बहुतेक' मुद्दाम म्हणते, कारण 'पुट इट हिअर'मधला 'हिअर' काढला तर वाक्य अडखळतं. म्हणून निकाल द्यायला पहिली कसोटी, आणि समज पक्की करायला दुसरी.

'काल'ची कसोटी घरच्या भाषेतही चालते. मुलाला म्हणा, "हेच वाक्य तुझ्या घरी कसं बोलतात? आता 'काल' लावून बोल. कोणता शब्द बदलला?" मूल पावरीत सांगेल, भिलीत सांगेल, अहिराणीत सांगेल. आपल्याला ती भाषा यायलाच हवी असं नाही, मुलाला येते ना! दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहा, बदललेल्या शब्दाला गोल करा. क्रियापदाची ओळख घरच्या भाषेत झाली की इंग्रजीत फक्त नवा शब्द शिकायचा उरतो.

मराठी कुठे अडवते

मुलं 'शी सिंग्ज गुड' लिहितात. आपण लाल खूण करून पुढे जातो. पण ते असं का लिहितात याचा विचार करा. मराठीत 'छान मुलगी' आणि 'छान गाते', दोन्हीकडे 'छान'च. मुलानं मराठीचा नियम इमानदारीनं इंग्रजीला लावला. त्याचं डोकं चालतंय म्हणूनच ही चूक झाली. त्याला एवढंच सांगायचं की इंग्रजीत नामाला 'गुड' आणि कामाला 'वेल'. 'गुड गर्ल', पण 'सिंग्ज वेल'.

दुसरी अडचण अशी की मराठीत काही क्रियाविशेषणं लिंग-वचनाप्रमाणे बदलतात. 'मुलगा चांगला खेळतो', 'मुलगी चांगली खेळते', 'मुलं चांगली खेळतात'. इंग्रजीत मात्र 'द बॉय प्लेज वेल', 'द गर्ल प्लेज वेल', 'दे प्ले वेल'. 'वेल' जागचा हलत नाही. पण 'काल'ची कसोटी मराठीतही फसत नाही. 'मुलगा काल चांगला खेळला.' 'चांगला' तसाच, 'खेळतो'चं 'खेळला' झालं.

इथे अहिराणी घरातल्या मुलांना एक सोय आहे. 'तो जास', 'ती जास', क्रियापद मुलामुलीप्रमाणे बदलत नाही. 'ही गोज', 'शी गोज'चं त्यांना नवल वाटू नये. घरच्या बोलीला 'अशुद्ध' म्हणण्यापेक्षा तिचा असा उपयोग करा.

तिसरी अडचण जागेची. मराठीत क्रियापद शेवटी येतं, 'ती इंग्रजी छान बोलते.' मूल सरळ उतरवतं, 'शी इंग्लिश वेल स्पीक्स.' इंग्रजीत व्हर्ब कर्त्याला धरून असतो आणि 'कसं' सांगणारा शब्द शेवटाकडे जातो, 'शी स्पीक्स इंग्लिश वेल.' 'किती वेळा' सांगणारे 'ऑलवेज', 'ऑफन', 'नेव्हर' मात्र बहुधा मुख्य व्हर्बच्या आधी बसतात, 'ही ऑलवेज कम्स लेट.' आणि 'इज-ॲम-आर' असेल तर त्यांच्या नंतर, 'ही इज ऑलवेज लेट.' हे नियम म्हणून पाठ करून घेऊ नका. रोज अशी पाच-सहा वाक्यं मोठ्यानं म्हणून घ्या, कानाला सवय लागते.

आणि एक वेगळीच गोष्ट. मराठीत आपण 'लंगडत चालतो', 'दबक्या पावलांनी चालतो', 'रमतगमत चालतो' असं म्हणतो. इंग्रजीत त्यासाठी 'लिम्प', 'टिपटो', 'स्ट्रोल' असे वेगळे व्हर्बच आहेत. 'कसं' हे व्हर्बच्या पोटातच असतं. म्हणून प्रत्येक क्रियाविशेषणाला इंग्रजी जोडीदार शोधायचा हट्ट धरू नका.

वर्गात हे करून बघा

खर्च शून्य. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूच्या चिठ्ठ्या करा. पहिल्या डब्यात कामाच्या चिठ्ठ्या: 'वॉक', 'क्लॅप', 'राइट', 'जम्प', 'लाफ', 'सिट'. दुसऱ्या डब्यात कसं-कुठेच्या: 'स्लोली', 'लाउडली', 'फास्ट', 'हिअर', 'क्वाएटली', 'वेल'.

१. एका मुलाला फक्त दुसऱ्या डब्यातली चिठ्ठी काढू द्या. समजा 'स्लोली' निघाली. म्हणा, "कर!" मूल बघत उभं राहतं. वर्ग हसतो. कुणीतरी विचारतंच, "स्लोली काय करू?" धडा इथेच झाला. ॲडव्हर्बला एकट्याला काही करता येत नाही, त्याला कुणाचा तरी आधार लागतो.

२. आता फक्त पहिल्या डब्यातली चिठ्ठी. 'वॉक!' मूल चालू लागतं. व्हर्ब एकटा पुरतो.

३. मग दोन्ही डब्यांतून एकेक. 'वॉक' आणि 'स्लोली'. मूल कृती करतं, वर्ग वाक्य बोलतो, 'ही वॉक्स स्लोली.'

४. शेवटी 'काल'. 'यस्टरडे ही वॉक्ड स्लोली.' कोणती चिठ्ठी बदलावी लागली? पहिल्या डब्यातली. दुसऱ्या डब्यातली कधीच नाही.

व्याख्या आता सांगा, खेळानंतर. तेव्हा ती मुलांना स्वतःची वाटते. आणि वाक्यं आपल्या मातीतली घ्या. सारंगखेड्याच्या यात्रेतला घोडा 'रन्स फास्ट', तापी उन्हाळ्यात 'फ्लोज स्लोली', काठीच्या होळीत माणसं 'डान्स हॅपिली', तोरणमाळला ढग 'कम डाउन'. मुलानं जे डोळ्यांनी पाहिलंय त्याचं वाक्य त्याच्या डोक्यात राहतं.

मोठ्या वर्गाला आणखी एक सांगा. ॲडव्हर्ब फक्त व्हर्बबद्दलच बोलतो असं नाही. 'व्हेरी स्वीट'मध्ये 'व्हेरी' विशेषणाबद्दल सांगतो, 'व्हेरी स्लोली'मध्ये दुसऱ्या ॲडव्हर्बबद्दल. 'क्रियाविशेषण' या नावात हे मावत नाही, म्हणून वेगळं सांगावं लागतं.

"पण मॅडम, शिष्यवृत्तीचं काय?"

पालक हे विचारतात आणि त्यांची काळजी खरी आहे. शिष्यवृत्ती परीक्षेत इंग्रजी आहे, वेळ मर्यादित आहे, पर्याय चार आहेत. म्हणूनच सांगते, चार पर्यायांत 'फ्रेंडली', 'रिप्लाय', 'फास्ट' आणि 'टेबल' आले तर एल-वायवाला विद्यार्थी फसणार. 'काल'ची कसोटी येणारा प्रत्येक शब्द मनात वाक्यात घालून बघेल आणि सुटेल. समजून शिकवायला सुरुवातीला दोन तासिका जास्त लागतात. पुढे वर्षभर त्या वाचतात.

पालकांना एकच विनंती. घरी मुलाला "ॲडव्हर्बची व्याख्या सांग" म्हणू नका. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी चालेल. भाकरी थापताना, शेतात मिरची तोडताना नुसतं विचारा, "मी काय करतेय? कशी करतेय?" मुलगी म्हणेल, "भाकरी थापतेस. भरभर थापतेस." झालं. 'थापतेस' क्रियापद आणि 'भरभर' क्रियाविशेषण. आणि ते कोणत्याही भाषेत विचारलं तरी चालेल. वहीत किती पानं ग्रामर लिहिलं यावरून शाळा चांगली की वाईट ठरवू नका. मूल स्वतःचं एक नवं वाक्य बोलतं का, हे बघा.

आणि शिक्षक मित्रांनो, पुढच्या चाचणीत 'ॲडव्हर्बची व्याख्या लिहा' हा प्रश्न काढून टाका. त्याऐवजी मुलानं कधी न पाहिलेली पाच वाक्यं द्या आणि 'यस्टरडे' घालून पुन्हा लिहायला सांगा. व्याख्या पाठ नसलेलं, ऊसतोडीहून फाल्गुनात परतलेलं मूलसुद्धा त्यातली तीन तरी बरोबर लिहील. त्या तीन वाक्यांचे मार्क त्याला मिळायलाच हवेत.